नऊ इंच

बापू साळवीच्या न्हाणीघरातलं पाणी तुंबलं ती धुळवडीनंतरची सकाळ होती, त्यामुळे पहिले दोन दिवस आम्ही सगळ्यांनी रंगालाच दोष दिला. बापू आमच्या करंजविहार सोसायटीचा अध्यक्ष. मी सेक्रेटरी, दिगंबर लोखंडे, वय एकाहत्तर. दोघंही पालिकेतून निवृत्त. तो ड्रेनेज खात्यातून, मी नकाशा शाखेतून. म्हणजे तुंबलेलं पाणी हा आमचा जन्माचा धंदा. तरी प्लंबर बोलावला, कारण या वयात आता वाकवत नाही.

प्लंबर अस्लमनं नळीत स्प्रिंग सारली, ती सात फुटांवर अडली. जोर लावला तर तुटली. शेवटी त्यानं फरशी फोडून पाइपाचा हातभर तुकडा कापला आणि अंगणात आणून ठेवला. चार इंची पाइप आतून पांढऱ्या दगडानं भरला होता. मधे जेमतेम बोट जाईल एवढं भोक.

"काका, हा गाळ नाही," अस्लम म्हणाला. "छिन्नी लागेल याला. पाइपात दगड कसा काय वाढतो?"

बापूनं माझ्याकडे पाहिलं. मी ओढ्याकडे पाहिलं.

करंज ओढा आमच्या खालच्या ओळीच्या परसामागून वाहतो. सोसायटीत बत्तीस बंगले आहेत. एकवीस वर उतारावर, अकरा खाली ओढ्याला लागून. माझा वर, बापूचा खाली. गेल्या दहा वर्षांत पाऊस असा विचित्र झालाय की महिन्याचं पाणी एका दुपारी पडतं, आणि तेवढं सगळं या ओढ्यातून जायला बघतं. दर पावसाळ्यात काठ ढासळायचा. कुणाची भिंत जायची, कुणाचं पेरूचं झाड. दोन हजार अडतीस साली बापूची मागची अख्खी भिंत ओढ्यात गेली आणि त्याची बायको प्रमिलावहिनी, जिला अर्धांगानं आधीच चाकाच्या खुर्चीत बसवलं होतं, ती ते खिडकीतून पाहत राहिली. त्यानंतर बापूनं पालिकेचा पिच्छा पुरवला. पिच्छा पुरवायला लांब जावं लागलं नाही. पालिकेच्या ओढे-नाले विभागात उपअभियंता आहे मुग्धा, माझी मुलगी.

मुग्धानं जैवगिलावा आणला. शहरातल्या अठरा ओढ्यांपैकी पहिला मान आमच्या ओढ्याला, हे तिनं वरिष्ठांशी भांडून मिळवलं.

गिलावा म्हणजे खरं तर जिवाणू. मातीत असे जिवाणू पूर्वीपासून आहेत ज्यांचं खाणं युरिया. ते युरिया फोडतात, त्यातून कार्बोनेट सुटतं, आणि आजूबाजूला कॅल्शियम असलं की दोन्हींची मिळून चुनखडी होते. ती वाळूच्या कणाकणांमध्ये बसते आणि सुट्ट्या मातीचा दगड होतो. हे शास्त्रज्ञांना चाळीस-पन्नास वर्षांपासून माहीत होतं. नवीन एवढंच, की मुग्धाच्या विभागानं घेतलेला वाण वाहत्या पाण्यातही टिकायचा, ओल धरून हळूहळू पुढे सरकायचा, आणि खाणं संपलं की मरायचा नाही, बीजरूप होऊन झोपी जायचा. काठाला कुठे भेग पडली की नुसता युरियाचा आणि कॅल्शियमचा फवारा मारायचा. जिवाणू जागे होऊन भेग बुजवतात आणि पुन्हा झोपतात.

"आणि तो भलतीकडेच वाढत सुटला तर?" मी तिला तेव्हा विचारलं होतं.

"युरिया नाही तर वाढ नाही, बाबा. आणि ओढ्यात युरिया येतो कुठून? फक्त सांडपाण्यातून. वरच्या अंगाच्या सगळ्या सांडपाण्याच्या लाइनी चौतीस सालीच बंद झाल्यात. आणि आपली सोसायटी तर पहिल्यापासून मुख्य लाइनीला जोडलेली आहे. तुमचाच नकाशा आहे की."

मी मान हलवली. चहा घेणार का, असंही विचारलं असेन.

दिवाळीनंतर फवारणी झाली. संक्रांतीपर्यंत काठ असा कडक झाला की पहार मारली तर ठिणगी उडेल. दरवर्षी माघात एका रविवारी सोसायटीची ओढासफाई असते, नंतर पोहे. त्या रविवारी सफाईला काही उरलंच नव्हतं, नुसते पोहे झाले. बापूनं मुग्धाला शाल-नारळ दिला. "पोरगी आमच्या अंगणात खेळून मोठी झाली," म्हणाला, आणि त्याचे डोळे भरून आले. माझेही. खोटं कशाला बोलू, त्या दिवशी मला त्या नकाशाची आठवणसुद्धा झाली नव्हती.

आता नकाशाचं सांगतो.

नव्व्याण्णव साली सोसायटी बांधली तेव्हा आम्ही बत्तीसच्या बत्तीस जण पालिकेतले. नकाशा काढणारा मी, लाइन तपासणारा बापू, बांधकाम पूर्ण झाल्याच्या दाखल्यावर शिक्का मारणारा आमच्यातलाच एक, आणि त्या शिक्क्याची नोंद करणारा त्याच्या शेजारच्या बंगल्यातला. खालच्या अकरा घरांची वास्तुशांत एकाच मुहूर्तावर, अक्षय्यतृतीयेला. पत्रिका वाटून झालेल्या, आचारी ठरलेला. आणि आठ दिवस आधी बापूच्या लक्षात आलं की रस्त्यातल्या मुख्य लाइनीचं तोंड खालच्या ओळीच्या पाइपांपेक्षा नऊ इंच उंच आलंय. पाणी काही चढ चढत नाही. एक तर अकरा घरांच्या जमिनी फोडून पाइप वर घ्यायचे, नाहीतर मुहूर्त चुकवायचा. अकरा बायका मुहूर्त चुकवू देणार नव्हत्या, आणि आम्हालाही तेवढाच उत्साह होता. बापू म्हणाला, तूर्त ओढ्यात सोडू, पावसाळा झाला की वर घेऊ. पाइपांची तोंडं काठाच्या दगडांमागे पाण्याखाली सोडली, दिसू नयेत म्हणून. मी नकाशात अकरा रेघा काढल्या, सगळ्या रस्त्याकडे. खाली सही केली. तो पावसाळा चाळीस वर्षांत झाला नाही.

ओढा तेव्हा तसाही गटारच होता, त्यात आमची अकरा घरं कोणाच्या ध्यानात येणार. पुढे वरचं पाणी स्वच्छ झालं तरी आमच्या मागे वास यायचाच. गंमत म्हणजे त्या वासाबद्दल सोसायटीनंच पालिकेकडे दोनदा तक्रार केली. अर्ज मीच लिहिला होता. माणूस स्वतःच्याच खोट्याला इतका सरावतो, याचा मला आता राग येतो.

माणसाच्या लघवीत दोन टक्के युरिया असतो. आमच्या बोअरच्या पाण्यात इतकं कॅल्शियम आहे की किटली महिन्याभरात आतून पांढरी होते. जिवाणूंना पंगत मांडून दिली होती आम्ही. ते काठावरून पाइपात शिरले आणि खात खात घरांपर्यंत चढले.

तीन आठवड्यांत अकराही घरं तुंबली. वरचं एकही नाही. पालिकेनं पाइपात फिरणारा कॅमेरा पाठवला, त्याला सगळे उंदीर म्हणतात. तो प्रत्येक घरात चार-सहा फुटांवर अडकून परत आला. खालच्या लोकांनी वरच्यांकडे सोय लावून घेतली. सकाळी बादल्या, टॉवेल घेऊन साठी-सत्तरीची माणसं चढ चढून यायची आणि आमच्या दारात रांगेत उभी राहायची. एकमेकांकडे न बघता वर्तमानपत्र वाचायची. बापू प्रमिलावहिनीला खुर्चीसकट ढकलत आणायचा, दिवसातून तीनदा. मधे दोनदा थांबून दम घ्यायचा. कुंदा, माझी बायको, त्यांच्यासाठी न्हाणीघर मोकळं ठेवायची.

आणि मग लोक बोलायला लागले. सभेत एक जण म्हणाला, मुग्धानं सोसायटीला चुना लावला. हसले सगळे. दुसऱ्या सभेत कोणी हसलं नाही, त्याच वाक्यावर टाळ्या पडल्या. ज्यांच्या पोरांच्या मुंजीत ती करवली होती ती माणसं. मी इतिवृत्त लिहीत होतो. तेवढं वाक्य गाळलं.

मुग्धा त्या रविवारी सकाळी आली ती थेट पाटावर बसून भिंतीला टेकली. चौतीस वर्षांची मुलगी, डोळ्यांखाली काळं आलं होतं. कुंदानं तिच्यापुढे थालीपीठ ठेवलं, ते तिनं नुसतं तोडून ठेवलं.

"चौकशी समिती नेमलीये," ती म्हणाली. "पंधरा दिवसांत कारण द्यायचंय. बाकीच्या सतरा ओढ्यांचं काम थांबवलंय. मेपर्यंत झालं नाही तर या पावसाळ्यात कुठे कुठे काठ जाईल देव जाणे."

"कारण काय देणार आहेस?"

"तेच कळत नाही. खालचीच ओळ का? वरचं एक तरी घर तुंबायला हवं होतं." तिनं माझ्याकडे पाहिलं. "बाबा, खालची ओळ मुख्य लाइनीलाच आहे ना? नक्की?"

लहानपणी सुट्टीत ती माझ्याबरोबर साइटवर यायची. मी टेपवरचा आकडा सांगायचो, ती वहीत लिहायची. आठ वर्षांची पोर. कधी परत विचारलं नाही, कधी टेपमध्ये डोकावून पाहिलं नाही. बाबांनी सांगितलं म्हणजे झालं. त्या वेळी मला त्याचा केवढा अभिमान वाटायचा.

"हो," मी म्हणालो. "नक्की. ओढ्याजवळ आहेत म्हणून असेल. मातीतून शिरला असेल."

"मातीतून," ती म्हणाली आणि डोळे मिटले. "म्हणजे युरिया नसतानाही तो मातीतून पसरतो. मग हे धोकादायकच आहे. मग मीच चुकले."

कुंदा स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिनं माझ्याकडे जे पाहिलं ते चाळीस वर्षांत पाहिलं नव्हतं. वास्तुशांतीच्या पत्रिका तिनंही वाटल्या होत्या.

त्या संध्याकाळी मी बापूकडे गेलो. दगड भरलेला पाइपाचा तुकडा अजून अंगणात पडला होता. बापू पायरीवर बसून गुडघ्याला तेल लावत होता.

"दिगू, तू काय बोलायला आलायस ते मला माहितीये," तो म्हणाला. "बोलू नकोस."

"पोरीची नोकरी जाईल."

"नाही जात. बदली होईल फार तर. सरकारी नोकरी अशी जाते होय? पण हे बाहेर आलं तर अकरा घरांचे दाखले खोटे ठरतील. नोटिसा लागतील घरांवर. या वयात मी हिला घेऊन कुठे जाऊ?" त्यानं आत मान वळवली. "वर्षभर कळ काढ. मी माणसं लावून गुपचूप लाइन फिरवून घेतो."

"चाळीस वर्षांपूर्वी पण हेच म्हणाला होतास."

बापू तेल लावत राहिला. मला त्याचा राग यायला हवा होता, पण आला नाही. कंटाळा आला होता. त्याचा, माझा, त्या ओढ्याचा. आम्ही दोघांनी आयुष्यभर नस्त्या पुढे ढकलल्या होत्या, आणि ही एक नस्ती परत आमच्याच टेबलावर आली होती.

दुसऱ्या दिवशी प्रमिलावहिनीला बापूनं वर आणलं आणि तो दम खायला ओट्यावर टेकला. मी खुर्ची आत घेत होतो. वहिनीची जीभ जड झालेली आहे, वाक्य पुरं करायला वेळ लागतो.

"भावजी, मुग्धाला रागवू नका हं," ती म्हणाली. "चुकतं माणसाचं. मी सगळ्यांना सांगते, तिनं मुद्दाम नाही केलं. पोर लहानपणापासून... नीटनेटकी. तिच्या हातून कसं झालं, एवढंच वाटतं."

मी खुर्चीचा ब्रेक लावला आणि कुंदाला हाक मारली. मग तडक माळ्यावर चढलो. गुडघे, वय, सगळं विसरून. नकाशा काढण्याआधी मी नेहमी जागेवरचं खरं मोजमाप ट्रेसिंगच्या कागदावर काढून ठेवायचो, ही माझी सवय. खोटा नकाशा पालिकेत दिला, पण खरं ट्रेसिंग फाडायला हात धजला नव्हता. पत्र्याच्या नळकांड्यात होतं ते. पिवळं पडलेलं, पण रेघा स्पष्ट. अकरा रेघा, अकराही ओढ्याकडे.

मुग्धाला फोन केला. ती दुपारी हाफ डे टाकून आली. मी ट्रेसिंग तिच्यापुढे डायनिंग टेबलावर पसरलं, चार कोपऱ्यांवर चार वाट्या ठेवल्या आणि सगळं सांगितलं. मुहूर्त, नऊ इंच, दगडांमागची तोंडं, शिक्के. कालचं "नक्की"सुद्धा. सांगताना मी रडलो. तिनं मधे एकदाही थांबवलं नाही.

मग ती म्हणाली, "फवारणीआधी मी ओढ्याचं पाणी मोजलं होतं. दर दहा मीटरला मोजायचं असा नियम आहे. आपल्या सोसायटीच्या मागे युरिया लागला."

"लागला?"

"अकरा ठिकाणी. मापक बदलून परत मोजलं, परत लागला. मग मी कार्यालयात जाऊन तुमचा नकाशा काढून पाहिला. त्यात ओढ्याकडे एकही रेघ नव्हती." तिनं ट्रेसिंगवरच्या एका रेघेवर बोट ठेवलं, बापूच्या घराच्या. "म्हणून मी अहवालात लिहिलं, मापकात दोष असावा, नकाशा विश्वसनीय आहे."

"अहवालात?"

"माझ्या सहीनं."

मला कळायला थोडा वेळ लागला. हा कागद दिला की जिवाणू निर्दोष सुटणार होता. सतरा ओढ्यांचं काम सुरू होणार होतं. आणि माझी मुलगी दोषी ठरणार होती. आता संशयानं नाही, लेखी पुराव्यानं. डोळ्यांना दिसलेलं तिनं बापाच्या सहीपुढे खोटं मानलं होतं.

मी वाट्या उचलल्या आणि ट्रेसिंगची गुंडाळी करायला लागलो. "मग नको देऊस हा. राहू दे. मातीतून शिरला म्हण. आपण काहीतरी..."

"बाबा, ठेवा ते खाली."

मी ठेवलं.

"या पावसाळ्यात मोठा पाऊस झाला तर सतरा ओढ्यांकाठी किती घरं आहेत, माहितीये का तुम्हाला? मला पाठ आहे तो आकडा." ती ओरडली नाही. ओरडायचंही त्राण तिच्यात नसावं. "माझं जे व्हायचं ते होईल. आणि साळवीकाकांच्या घराला नोटीस लागणार नाही यासाठी मी काय करता येईल ते बघीन. पाइप वर घेतले की प्रश्न मिटतो. पण आधी खरं कागदावर यायला हवं."

"मी येतो समितीपुढे. मी सांगतो, माझी चूक आहे."

"या," ती म्हणाली. "तुम्ही तुमची सांगा. मी माझी सांगते."

कुंदा तिच्यासाठी ताक घेऊन आली. मुग्धानं ते उभ्यानंच संपवलं, भांडं परत दिलं आणि गाडीतून लेव्हलचं यंत्र काढून आणलं. आम्ही दोघं उतार उतरून खालच्या ओळीत गेलो. मी ट्रेसिंग हातात धरलं होतं. रस्त्यात दोन जण भेटले, त्यांनी मुग्धाकडे पाहून तोंड फिरवलं. मी थांबून काही सांगणार होतो, पण ती पुढे गेली होती.

बापू पायरीवरच होता. यंत्र पाहिलं, माझ्या हातातला पिवळा कागद पाहिला. मला वाटलं, आता शिव्या घालील. तो उठला, कंबर धरून अंगणाच्या कोपऱ्यात गेला आणि जास्वंदीची मोठी कुंडी दोन्ही हातांनी ओढायला लागला. चाळीस वर्षं ती तिथंच होती. खाली जुन्या चेंबरचं झाकण होतं. मी हात लावायला गेलो. आम्ही दोघांनी मिळून कुंडी सरकवली आणि दोघंही धापा टाकत उभे राहिलो. ओट्यावर प्रमिलावहिनी खुर्चीत बसून बघत होती.

"काय शोधताय हो?" तिनं विचारलं.

"काही नाही," बापू म्हणाला. मग म्हणाला, "माझी चूक शोधतोय, प्रमिला. सांगतो सगळं. थांब जरा."

मुग्धानं झाकण उचकटलं. यंत्र लावून रस्त्यातल्या मुख्य लाइनीची पातळी घेतली, तिची खूण चेंबरच्या भिंतीवर केली आणि मग टेपचं एक टोक माझ्या हातात दिलं. मी ते चेंबरच्या तळाला टेकवलं. एवढं तरी मला येत होतं. तिनं खिशातून वही काढली.

"नऊ इंच आहे," मी म्हणालो. "घे लिहून."

तिनं लिहिलं नाही. माझ्या शेजारी गुडघे टेकून खाली वाकली आणि टेप स्वतःच्या डोळ्यांजवळ धरून पाहिली. नऊच होते. तिनं माझ्या हातातलं टोक काढून घेतलं, आणखी एकदा मोजलं आणि मग लिहिलं.